कारीटोल्याचं तांबं

आपला थोरला मुलगा नेमकं काय काम करतो, हे अब्दुलचाचांना कधीच कुणाला नीट सांगता आलं नाही. भिवंडीत माणसाचा धंदा सांगायला एक शब्द पुरतो. लूम, सायझिंग, गोदाम, ट्रान्सपोर्ट. अरशदच्या कामाला तसा शब्द नव्हता. "जमिनीखाली तांबं-जस्त कुठे आहे ते शोधतो," असं चाचा सांगायचे. ऐकणारा हमखास विचारायचा, "मग मिळालं का कधी?" चाचा हसून दुसरंच काहीतरी काढायचे.

घर कोकणी मुसलमानांचं, पिढ्यानपिढ्या भिवंडीत मुरलेलं. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कापडाचे लूम चालायचे. त्यांच्या खडखडाटाने अब्दुलचाचांचे कान लवकर गेले आणि घरातल्या सगळ्यांनाच मोठ्याने बोलायची सवय लागली. त्या आवाजात वाढलेल्या अरशदने कॉलेजात गेल्यावर जिओफिजिक्स घेतलं. जमीन न खोदता तिच्या पोटात काय आहे याचा अंदाज बांधायचं हे शास्त्र. भिवंडीत त्याचा काडीचा उपयोग नव्हता. इथे कितीही खाली गेलं तरी काळा पत्थर, त्यात फार तर पाणी मिळायचं. म्हणून अरशद नागपूरच्या एका खाजगी कंपनीत लागला. ही कंपनी खाणवाल्यांसाठी डोंगररानात सर्वेक्षण करून द्यायची. दसऱ्यानंतर तो जायचा तो मे महिन्याच्या शेवटी परतायचा. बायको नाजनीन आणि मुलगी आयत भिवंडीतच असायच्या.

या धंद्यात बहुतेक सर्वेक्षणं रिकामीच जातात. महिनोन्‌महिने तारा ओढायच्या, आकडे घ्यायचे, नकाशे काढायचे आणि शेवटी 'येथे खोदण्याजोगे काही नाही' असं लिहून द्यायचं. अरशदला त्याचं वाईट वाटत नसे. नाही म्हणून सांगणं हाही कामाचाच भाग आहे, असं तो नाजनीनला समजावायचा. पण एखाद्या वेळी तरी हो म्हणायला मिळावं, असं त्याला आतून वाटायचंच.

दिनेश त्याला भिवंडीजवळच्या दिघाशीला भेटला. एका उन्हाळ्यात अरशद सुट्टीवर असताना ओळखीच्या एकाने गोदामासाठी बोअरची जागा बघून दे म्हणून गळ घातली. तारा ओढायला पाड्यावरची माणसं घेतली, त्यात टोपल्या विणणाऱ्या सावळ्याचा मुलगा दिनेश होता. सडपातळ, उंच, आणि तोंड एक क्षण बंद नाही. गोदामात हमाली करून कंटाळलेला. दुपारपर्यंत त्याने गोदामाच्या मालकाची, मुकादमाची आणि अरशदचीही हुबेहूब नक्कल करून सगळ्यांना हसवलं होतं. चष्मा वर सरकवत "अजून एक रीडिंग, अजून एक रीडिंग" म्हणणारा अरशद.

संध्याकाळी सामान बांधताना त्याने विचारलं, "भाई, असलं काम बारमाही असतं का कुठं?"

"बारमाही नाही. आठ महिने. पण लांब जावं लागतं. रानात राहायचं."

"रानाचं काय मला. रानातच हाय मी."

त्या दसऱ्याला दिनेश अरशदबरोबर गेला आणि नंतर दर वर्षी जात राहिला. कंपनीतली माणसं त्या दोघांना 'भिवंडीवाले' म्हणायची. गावात असताना एक शहरातला, एक पाड्यावरचा. एरवी एकमेकांच्या ओट्यावर बसायचं कारण पडलं नसतं. पण परक्या मुलुखात दोघे एकाच गावचे झाले. दिनेशचं खारबावच्या जागृतीशी लग्न ठरलं तेव्हा पाड्यावरच्या मांडवात अरशद आणि नाजनीन गेले होते. दिनेशच्या आईने, धाकली तिचं नाव, नाजनीनला हाताला धरून नाचात ओढलं होतं.

कारीटोल्याचं काम त्यांच्याकडे आलं ते त्यानंतर. पूर्व विदर्भातली ती एक लांबट टेकडी, चारोळी आणि मोहाच्या झाडांनी भरलेली. पायथ्याला वीस-पंचवीस घरांची वस्ती. जुन्या भूवैज्ञानिकांना तिथल्या दगडांवर तांब्याचे हिरवे डाग दिसले होते, तेवढ्यावरून काम निघालं.

पद्धत अशी होती. टेकडीच्या एका टोकाला लोखंडी सळया ठोकायच्या, त्यांना तार जोडायची, आणि मशीनमधून जमिनीत जोराची वीज सोडायची. मग ती बंद करायची आणि बघायचं, की जमीन ती वीज लगेच सोडून देते की क्षणभर धरून ठेवते. साधा दगड लगेच सोडतो. तांब्याची खनिजं असली तर ती धरून ठेवतात. अडचण एवढीच, की ग्राफाइट नावाचा काळा, निरुपयोगी दगडही तसाच वागतो, आणि वरून दोघांतला फरक कळत नाही. तो खोदल्यावरच कळतो.

कारीटोल्याच्या टेकडीने वीज धरली. सुरुवातीच्या ओळींतच आकडे चढले. पुढच्या ओळींत आणखी चढले. तंबूत लॅपटॉपवर नकाशा उघडला तेव्हा टेकडीच्या मधोमध लालभडक पट्टा उमटला होता. अरशदने इतका ठळक पट्टा आजवर पाहिला नव्हता.

"हे तांबं का भाई?" दिनेश त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"असू शकतं. ग्राफाइटही असू शकतं."

"तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

अरशदने चष्मा काढून पुसला. "मला तांबं वाटतं," तो म्हणाला.

दिनेशने त्या दिवशी जागृतीला फोन करून सांगितलं की आम्हाला तांबं लागलं. खाण निघाली की इथेच कायमचा लागेन, तुला घेऊन येईन, असंही सांगितलं. बोलणं सगळ्या तंबूला ऐकू जात होतं. अरशदने त्याला थांबवलं नाही.

फेब्रुवारीत पट्ट्याचं दक्षिणेचं टोक शोधायचं होतं. कंपनीला घाई होती म्हणून दोन तुकड्या दोन ओळींवर एकाच वेळी काम करत होत्या, आणि दोघींचे वॉकीटॉकी एकाच चॅनेलवर होते. अरशद मशीनपाशी होता. शेजारी मशीन चालवणारा नामा. दिनेश टेकडीपलीकडच्या टोकाला, सळयांपाशी. जमीन तिथे कोरडी होती, वीज नीट शिरत नव्हती. अरशदनेच रेडिओवर सांगितलं, "दिनेश, सळयांभोवती मिठाचं पाणी ओत अजून."

"ओततो भाई. दोन मिंटं द्या."

नियम असा होता की टोकाच्या माणसाने सळयांपासून दूर होऊन 'क्लिअर' म्हटल्याशिवाय स्विच दाबायचा नाही. खरखरीतून आवाज आला, "क्लिअर." नामाने अरशदकडे बघितलं. अरशदने मान हलवली. नामाने स्विच दाबला.

तो 'क्लिअर' दुसऱ्या ओळीवरच्या माणसाचा होता, त्याच्या स्वतःच्या मशीनवाल्यासाठी. दिनेशचे ओले हात तेव्हा सळईवर होते.

अरशद टेकडी चढून पलीकडे पोचला तोवर दिनेशबरोबरचा गडी त्याची छाती दाबत बसला होता. पाण्याचा कॅन आडवा पडला होता. जीप रस्त्याला लागली, रस्ता संपेना, आणि तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला हात लावून लगेच काढून घेतला.

नंतर अरशदला एक गोष्ट आठवली आणि ती त्याच्या डोक्यातून कधी गेली नाही. दिनेश नुसतं 'क्लिअर' कधीच म्हणत नसे. तो म्हणायचा, "क्लिअर हाय भाई."

दिनेशला गाडीतून दिघाशीला आणलं. अरशद सबंध रस्ताभर गाडीत मागे बसून होता. पाड्यावर सगळी माणसं बाहेर उभी होती. धाकली गाडीकडे आली नाही. ती चुलीपाशी बसली होती ती तिथेच बसून राहिली. जागृतीला दोन बायकांनी धरलं होतं. चिता पेटली, माणसं पांगली, आणि सावळ्या अरशदजवळ येऊन उकिडवा बसला. मग म्हणाला, "भाई, माझा पोरगा काय शोधत व्हता तिथं?"

"तांबं, बाबा."

"कुनासाठी?"

कंपनीसाठी, म्हणावं तर ती कंपनी कोण हे सावळ्याला काय माहीत. "सगळ्यांनाच लागतं," तो म्हणाला. "तारेत असतं. मोटारीत असतं."

सावळ्याने मान डोलवली, जसं काही ते पटण्यासारखंच होतं.

कंपनीचे मॅनेजरही आले होते. जाताना त्यांनी सगळ्यांदेखत जागृतीला सांगितलं, की खाण झाली तर पहिली नोकरी दिनेशच्या पत्नीला, हा आमचा शब्द. मग ते गाडीत बसले आणि गेले. नुकसानभरपाई म्हणून जे काही मिळायचं होतं ते पुढे मिळालं. पाड्यावर त्याची चर्चा झाली नाही. मॅनेजरच्या शब्दाची झाली.

अपघातानंतर कंपनी काम गुंडाळायच्या बेतात होती. अरशदने ते होऊ दिलं नाही. तो नागपूरला जाऊन बसला, नकाशे पसरले, वरिष्ठांशी भांडला. एवढा ठळक पट्टा सोडून देणं चूक आहे, निदान एक भोक तरी पाडा, असं तो सांगत राहिला. त्याच्या बोलण्यात शास्त्र होतं, पण सगळंच शास्त्र नव्हतं. त्या टेकडीखाली काहीतरी निघायलाच हवं होतं. नाहीतर दिनेश कशासाठी गेला, याला उत्तरच उरलं नसतं.

पाऊस सरल्यावर ड्रिलिंगचं मशीन कारीटोल्याला पोचलं. अरशद तिथेच राहिला. खालून दगडाच्या गोल कांड्या निघत आणि लाकडी पेट्यांत ओळीने मांडल्या जात. सुरुवातीला करडा दगड, मग पांढऱ्या शिरांचा. मग एका सकाळी, नकाशावर पट्टा जिथे सुरू व्हायचा बरोब्बर त्या खोलीवर, काळा दगड आला. अरशदने कांडी उचलली. ती हाताला गुळगुळीत लागली, साबणासारखी. त्याने अंगठा फिरवला. अंगठ्याला चकचकीत काळपट रंग लागला.

ड्रिलवाला विचारत होता, साहेब, आणखी खाली जायचं का. अरशद जा म्हणाला. आणखी खाली तोच दगड होता. त्याच्याही खाली तोच. प्रयोगशाळेत पाठवायची तशी गरज नव्हती, तरी पाठवला. उत्तर आलं, ग्राफाइट. तांबं नावापुरतं, वरच्या दगडात, हिरव्या डागांएवढंच. ग्राफाइटही हलक्या प्रतीचं, काढून परवडणार नाही असं. कंपनीने टेकडी सोडली.

अरशद घरी आला आणि दोन दिवसांनी दिघाशीला गेला. खरं काय ते सांगायचं, असं ठरवूनच गेला होता. नाजनीनला त्याने सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "मी येऊ का बरोबर?" तो नको म्हणाला.

सावळ्या अंगणात टोपली विणत होता. वर्षभरात तो एकदम वाकला होता. अरशदला बघून त्याने हातातलं काम खाली ठेवलं, धाकलीला हाक मारून चहा ठेवायला लावला. जागृती दारात येऊन उभी राहिली.

"खोदलं का भाई?" सावळ्याने विचारलं. दिनेशच्या मित्रांकडून त्याला कळलं असावं.

"खोदलं."

"सापडलं का?"

अरशदने तोंड उघडलं. सावळ्या त्याच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात कसली मागणी नव्हती, नुसती तयारी होती. जे असेल ते ऐकायची. त्या तयारीपुढेच अरशदचा धीर सुटला.

"सापडलं," तो म्हणाला.

सावळ्याचा चेहरा हलला. तो उठला, आत गेला, बाहेर आला, पुन्हा बसला. "पोरानं काम पुरं केलं म्हनायचं," तो धाकलीला म्हणाला. धाकली पदर तोंडाला लावून उभी होती. शेजारच्या घरातून कुणी डोकावलं तर त्यालाही सावळ्याने तेच सांगितलं.

जागृतीने दारातूनच विचारलं, "मग खान निघंल?"

"वेळ लागतो त्याला," अरशद म्हणाला.

"मला काम देनार म्हनले व्हते."

"बघू."

या 'बघू'वर जागृती बसून राहिली. अरशदला ते लगेच कळलं नाही. घरी येऊन त्याने नाजनीनला इतकंच सांगितलं की जाऊन आलो. तिने पुढे विचारलं नाही. आज ना उद्या जाऊन खरं सांगू, असं तो स्वतःला बजावत राहिला. पण पुढच्या वेळी गेला तेव्हा सावळ्याने पाड्यावरच्या चारजणांना बोलावून ठेवलं होतं, 'दिनेसच्या तांब्याचं' ऐकायला. तांबं कसं दिसतं, किती खाली आहे, असं ते विचारत होते, आणि अरशद सांगत होता. खोलीचा आकडा तेवढा खरा सांगितला.

मग त्याच्याच घराला घरघर लागली. कंपनीने माणसांच्या तुकड्या कमी केल्या. आता ड्रोनला यंत्र टांगून डोंगरावरून फिरवत होते. आठवड्यांचं काम एका सकाळी व्हायचं. अरशदला कळवलं की पुढच्या हंगामात गरज नाही. त्याच सुमारास शेडमधले लूम बंद पडले. भंगारवाला ते तोडून घेऊन गेला त्या दिवशी अब्दुलचाचा शेडच्या दारात खुर्ची टाकून बसून होते. सगळं निघून गेल्यावर त्यांनी अरशदला विचारलं, "आवाज थांबला का?" त्यांना तसंही ऐकू येत नव्हतं.

अरशद नोकरी शोधत होता आणि त्याच्या विद्येची नोकरी भिवंडीच्या पंचक्रोशीत नव्हती. मुलाखतीला गेला की लोक कौतुकाने विचारायचे, म्हणजे नेमकं काय करता तुम्ही. या दिवसांत तो दिघाशीला फिरकला नाही.

अपघाताला दोन वर्षं होऊन गेली तेव्हा एका दुपारी जागृती भिवंडीला त्यांच्या घरी आली. अरशद आयतला शाळेतून आणायला गेला होता. नाजनीनने तिला आत घेतलं, बसवलं, पंखा लावला. लग्नानंतर दोघींची भेट झाली ती दिनेश गेला तेव्हाच. नाजनीनने सासूसासऱ्यांची चौकशी केली. जागृती पाणी प्यायली, तिने पेला बाजूला ठेवला.

"भाईंना इचारायला आले," ती म्हणाली. "कंपनीचं साहेब फोन उचलत न्हाईत. खान कधी चालू व्हनार, म्हनून."

"कुठली खाण?"

"कारीटोल्याची."

नाजनीनला वाटलं, बिचारीला नीट कुणी सांगितलेलंच नाही. ती जवळ सरकली. "अगं, तिथे खाण नाही होणार. तांबं निघालंच नाही ना तिथे. ते आयतच्या शिसपेन्सिलीत असतं, ते काळं काळं, ते निघालं. यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

तेवढ्यात जिन्यावर आयतचा आवाज आला आणि अरशद दप्तर हातात घेऊन दारात उभा राहिला. त्याने आधी जागृतीला पाहिलं, मग नाजनीनकडे. नाजनीनने त्याचा चेहरा बघितला आणि तिला सगळं कळलं. तिने आयतचा हात धरला आणि तिला घेऊन आत गेली.

अरशद समोर बसला. दप्तर त्याच्या मांडीवरच राहिलं.

"वहिनी म्हनतात ते खरं?" जागृतीने विचारलं.

"हो."

"तुम्हाला त्या दिवशी ठाव व्हतं?"

"हो."

"मग 'सापडलं' असं का म्हनलात?"

"बाबांकडे बघितलं आणि तोंडातून निघून गेलं."

"मी बी तिथंच व्हते," जागृती म्हणाली.

तिचा आवाज चढला नाही. ती सांगत होती तेही हिशेब मांडल्यासारखं नव्हतं, जसं आठवेल तसं सांगत होती. पाड्यावरच्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली होती. दहावी झालेली सून पाड्यावर तीच, ती तिलाच मिळाली असती. तिने अर्जच केला नाही. आपण खाणीवर जाणार, मधेच सोडावं लागेल, म्हणून. ती जागा पाड्यावरच्याच हौसाला मिळाली. हौसा आता आयुष्यभर तिथे राहील. खारबावहून तिचा भाऊ दोनदा न्यायला आला होता. एक स्थळही होतं, बायको वारलेला, चांगला माणूस. जागृतीने नाही सांगितलं. खाणीवरचं काम दिनेशच्या बायकोला मिळणार होतं. दुसरीकडे लग्न केलं तर ती दिनेशची बायको राहिली नसती. त्या माणसाचं गेल्या उन्हाळ्यात लग्न झालं.

"तुम्ही न्हाय म्हनला असता तर त्या दिवशी रडले असते नि उठले असते," ती म्हणाली.

अरशदने मान खाली घातली. माफ कर, हे शब्द त्याच्या मनात आले आणि ते त्याला इतके तोकडे वाटले की त्याने ते गिळले. "मी उद्याच येतो," तो म्हणाला. "बाबांना खरं सांगतो. सगळ्यांसमोर सांगतो."

जागृती पहिल्यांदाच घाईने बोलली. "नका. ते नका करू. तो मानूस तेवढ्यावर उभा हाय. सकाळी उठला की शेजाऱ्याला तेच सांगतो. ते काढून घेतलंत तर मग त्याला काय देनार तुम्ही?"

आतून नाजनीन चहा घेऊन आली. जागृतीने तो घेतला, सगळा प्यायली, आणि निघाली. नाजनीन तिला खालपर्यंत सोडायला गेली. परत आल्यावर ती अरशदशी दोन दिवस बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "मला तरी सांगायचं होतंत."

पुढे अरशदला भिवंडीबाहेर कोन गावाजवळच्या एका मोठ्या गोदामात शिफ्ट सुपरवायझरची ड्युटी मिळाली. घरबसल्या मागवलेल्या वस्तू तिथे येतात, खोक्यांत भरल्या जातात आणि निघून जातात. त्याचं शिक्षण तिथे कुणी विचारलं नाही. काही महिन्यांनी जागृतीही त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या गोदामात पॅकिंगला लागली. पाड्यावरच्या बायकांना घेऊन टेम्पो यायचा, त्यातून.

सावळ्याकडे तो पुन्हा जाऊ लागला, कारण न जाणंही खोटं ठरलं असतं. जागृती असली तर ती मागच्या बाजूला काहीतरी करत असायची. सावळ्याला आता कमी दिसत होतं. त्याने एकदा अरशदचा हात चाचपून धरला.

"भाई, मला एकदा न्या तिकडं. पोरानं शोधलेली जागा बगतो नि येतो. मग मेलो तरी चालंल."

"रस्ता खराब आहे बाबा. आता पावसाचे दिवस."

"मग दिवाळीला."

"दिवाळीला बघू."

दिवाळीला सावळ्याने धुतलेलं धोतर आणि शर्ट पिशवीत भरून ठेवला होता. अरशद म्हणाला, कंपनीने सध्या कुंपण घातलंय, कुणाला सोडत नाहीत. सावळ्याने थोडा विचार केला. "बरं हाय," तो म्हणाला. "राखाया पायजेच. लोक चोरून नेतील." त्याने पिशवी तशीच खुंटीला लावली. धाकली चुलीपाशी बसून अरशदकडे बघत होती. तिला काय माहीत होतं आणि काय नाही, हे अरशदला कधीच समजलं नाही. त्याने विचारायचं धाडस केलं नाही.

तो मोटारसायकलपाशी आला तेव्हा जागृती अंगणाच्या कुडापर्यंत चालत आली. हातात ओला कपडा होता, तो ती पिळत राहिली.

"एक सांगू का," ती म्हणाली. "तुम्ही नका येत जाऊ आता."

"बाबा वाट बघतात."

"बगतात. तुम्ही येऊन गेला की चार-पाच दिस त्यांचं तेच चालतं. कुंपन कसं असंल, राखनदार कोन असंल. आयला बी जेवन जात न्हाय. माझी ड्युटी असते सकाळी." ती थांबली. "तुम्ही न्हाय आलात तर हळूहळू इसरतील. म्हातारपन हाय. इसरतील."

"आणि विचारलं तर?"

"सांगेन, खानीवर गेलेत. कामात हाईत."

अरशद पुन्हा दिघाशीला गेला नाही. ड्युटी सुटल्यावर कोनच्या रस्त्यावर कधी कधी बायकांचा टेम्पो त्याच्या शेजारून जातो. जागृती मागच्या फळीवर बसलेली असते, रुमालाने तोंड बांधून, कारण धूळ फार असते. तिने त्याला पाहिलं की नाही हे त्या रुमालामुळे कळत नाही. सावळ्या अजून जिवंत आहे एवढं त्याला गोदामातल्या दिघाशीच्या एका गड्याकडून समजतं. म्हातारा काही विसरलेला नाही, असंही तो गडी सांगतो.